गेटाबाहेरचे २४१ तास

२०२२च्या पावसाळ्यात मी आमच्या ट्रान्सपोर्टच्या सर्वांत जुन्या ड्रायव्हरवर डिझेल काढल्याचा आळ घेतला. रात्री अकराच्या सुमारास मोबाइलवर टाकीतल्या सेन्सरचा इशारा आला, टाकीतलं डिझेल पस्तीस लिटरने घटलंय. नकाशावर गाडी खंबाटकी घाटात उभी दिसत होती. मी लगेच फोन लावला.

"मामा, घाटात गाडी का लावली?"

"म्होरं एक कंटेनर बंद पडलाय मालक. लाइन लागलीया."

"आणि डिझेल कुठं गेलं?"

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग फोन बंद झाला.

मामा आमच्याकडे बावीस वर्षं आहेत. मला शाळेत सोडायला कधी कधी त्यांची गाडी यायची. सकाळी मी ऑफिसात येऊन पूर्ण आलेख उघडला, तेव्हा दिसलं की घाट चढून गाडी सपाटीला लागल्यावर तीच रेघ आपोआप वर आली होती. मध्ये कुठेही डिझेल भरलेलं नव्हतं. टाकी काही आपण होऊन भरत नाही. सेन्सरची दांडी बसवणाऱ्याने त्याच्या सोयीने टाकीच्या पुढच्या टोकाला भोक पाडलं होतं. चढावर डिझेल मागे सरकलं की पुढची पातळी उतरायची. चालत्या गाडीत डिझेल हिंदकळतं, ते यंत्र सरासरी काढून सांभाळून घेतं. पण गाडी चढावर तासभर उभी राहिली, तर त्या यंत्राच्या दृष्टीने डिझेल गेलेलंच असतं.

मामा गाडी घेऊन आले, तेव्हा सगळ्यांच्या समोर मी त्यांची माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, "मोठ्या मालकांनी इचारलं नसतं." त्या दुपारी सेन्सर काढून टाकीच्या मधोमध बसवला. मग टाकी रिकामी करून कॅनने वीस-वीस लिटर ओतत, प्रत्येक वेळी आकडा लिहून घेत मापं पुन्हा जुळवली. कॅन मामांनीच ओतले. आमच्या कंपनीत संगणकाचा कारभार कसा आला हे कोणी विचारलं, की मला ती दुपार आधी आठवते.

आमची ट्रान्सपोर्ट कोल्हापुरात, शिरोली नाक्याजवळ. चौदा गाड्या, बहुतेक दहाचाकी. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या फाउंड्र्यांमधून कास्टिंग, म्हणजे लोखंडाचे ओतीव भाग, भरायची, बहुतेक चाकणला आणि काही तमिळनाडूतल्या होसूरला. येताना त्याच फाउंड्र्यांसाठी भंगार किंवा पिग आयर्न, म्हणजे कच्चं लोखंड, आणायचं. बाबांनी एका गाडीवर धंदा सुरू केला. मी २०१६ साली ऑफिसात बसायला लागलो तेव्हा आमची सगळी यंत्रणा म्हणजे बिल्टीबुक (मालाच्या पावत्यांचं पुस्तक), दिवाणजींचं रजिस्टर, भिंतीवरचा फळा आणि बाबांचे कान. ड्रायव्हर ढाब्यावरून फोन करायचा, "तासवडे टोलनाका ओलांडला." मागचे आवाज ऐकून बाबा सांगायचे, ओलांडला की नाही.

हे बदललं ते आम्हाला हौस होती म्हणून नाही. २०१७च्या जुलैत जीएसटी आला, जकात नाके गेले, आणि १ एप्रिल २०१८पासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन काढायचा कागद, लागलं. त्याच वर्षी मे महिन्यात महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रातही लागू झालं. त्याचा पहिला भाग माल पाठवणारा भरतो. दुसऱ्या भागात गाडीचा नंबर येतो आणि तो सहसा आमच्या गळ्यात पडतो. गाडी वाटेत बिघडली, माल दुसऱ्या गाडीत घातला, तर नंबर बदलावा लागतो. मुदत संपत आली तर वाढवून घ्यावी लागते, आणि ती वाढवता येते फक्त संपण्याआधीच्या आणि नंतरच्या आठ तासांत.

२०२१मध्ये आमची होसूरची गाडी चित्रदुर्गजवळ गिअरबॉक्स जाऊन तीन दिवस पडली. पार्ट कुठून मिळतो, मेकॅनिक कोण, याच धावपळीत आम्ही सगळे होतो. बिलाची मुदत संपली, वरचे आठ तासही गेले, आणि गाडी दुरुस्त होऊन निघाल्यावर पुढे अडवली गेली. दंड भरला. त्या फाउंड्रीच्या मालकांनी फोनवर जे ऐकवलं ते योग्यच होतं. त्या आठवड्यात मी ठरवलं, की मुदत संपायला आठ तास उरले म्हणजे माझा फोन वाजला पाहिजे, मग त्यासाठी कितीही खर्च येवो.

पहिलं सॉफ्टवेअर ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी दहा महिन्यांत दर वाढवला. आम्ही नाही म्हणालो, तर आमच्याच ट्रिपांची माहिती आम्हाला बाहेर काढता येईना. बिल्ट्या, भाडी, येणी, सगळं त्यांच्या कुलपात. दिवाणजींनी मला न सांगता जुनं रजिस्टर चालू ठेवलं होतं. त्या रजिस्टरवरून आम्ही अकरा दिवस बसून सगळं पुन्हा भरलं. कोणी नवीन सिस्टीम घेत असेल तर पहिल्याच दिवशी विक्रेत्याला विचारा, "उद्या आम्ही सोडून गेलो तर आमची माहिती कोणत्या रूपात देणार?" आणि ती त्याच बसल्या जागी एकदा काढून दाखवायला सांगा.

दुसरं सॉफ्टवेअर चांगलं होतं, पण ड्रायव्हरांचं ॲप इंग्रजीत आणि हिंदीत. आमचे ड्रायव्हर कागल, चंदगड, जत इकडचे. व्हॉट्सॲपवर आवाज पाठवतील, फोटो टाकतील, पण सात पानांचा फॉर्म भरणार नाहीत. विक्रेत्याच्या मागे लागून ॲपमधली बाकी सगळी बटणं लपवून घेतली आणि तीनच ठेवली: भरली, पोचली, खाली झाली (म्हणजे माल उतरला). प्रत्येक बटणापुढे फोटो. त्या दिवसापासून ॲप वापरात आलं. पोच पावतीचा फोटो त्याच रात्री ऑफिसात येऊ लागला, बिल दुसऱ्या दिवशी तयार. काही कंपन्यांना अजून शिक्क्याचा मूळ कागद कुरिअरनेच लागतो, तो आम्ही पाठवतो.

फास्टॅगचा मात्र मला फार उपयोग झाला, तोही टोल भरण्यापलीकडे. फेब्रुवारी २०२१मध्ये तो सक्तीचा झाला, तेव्हा नसेल तर दुप्पट टोल लागायचा. आधी ड्रायव्हर पावत्यांचा चुरगळलेला गठ्ठा आणायचे आणि दिवाणजी हिशेब लावत बसायचे. आता किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, चारही नाक्यांवर गाडी कुठल्या मिनिटाला गेली हे बँकेच्या उताऱ्यात येतं. तो उतारा मी बनवलेला नसतो, म्हणून समोरचा माणूस तो नाकारू शकत नाही. हे पुढे कामाला आलं.

डिझेल हा आमच्या धंद्यातला सर्वांत मोठा खर्च. दहाचाकी भरून गेली तर साडेतीन-चारचा ॲव्हरेज. सेन्सर नीट बसल्यावर मी योजना काढली, ज्याच्या गाडीचा महिन्याचा ॲव्हरेज सर्वांत चांगला त्याला दोन हजार रुपये. दर सोमवारी ग्रुपवर यादी टाकायचो. दोन महिन्यांत आकडे सुधारले. मी खूश होतो, बाबाही.

२० नोव्हेंबर २०२२च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ उतारावरून आलेल्या एका ट्रकने ४८ वाहनांना धडक दिली. नवीन कात्रज बोगदा संपला की पुण्याच्या बाजूला जो लांबलचक उतार लागतो, त्याच उतारावर. आमच्या दोन गाड्या त्या रात्री त्याच वाटेवर होत्या. दोघांचे फोन लागेपर्यंतची वीस मिनिटं मी विसरणार नाही. दोघेही खेड शिवापूरच्या अलीकडे जेवायला थांबले होते.

पुढच्या दिवसांत बातम्यांमध्ये येत राहिलं की डिझेल वाचवायला ड्रायव्हर तिथे गाडी न्यूट्रल करतात. मी आमच्या दोन नव्या गाड्यांची माहिती उघडली. २०२१मध्ये घेतलेल्या या बीएस-सहा (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्यांत वेग आणि इंजिनचे फेरे दोन्ही नोंदले जातात. बोगद्याच्या पुढे, एकदा नाही, जवळजवळ प्रत्येक खेपेला वेग साठच्या वर आणि इंजिनचे फेरे सहाशे. म्हणजे गाडी न्यूट्रलला, मागे सोळा टन कास्टिंग.

ड्रायव्हरांना विचारलं. त्यांनी लपवलं नाही. एकजण म्हणाला, "बोगदा सपला की गाडी सोडायची. पाय लावायलाच नको. यादीत नाव वर येतंय न्हवं?"

ती यादी मी केली होती. जुना ड्रायव्हर सवयीने न्यूट्रल करत असेलही, पण मी त्याला त्याचे दोन हजार रुपये देत होतो. कित्येक दिवस हा विचार माझ्या डोक्यातून गेला नाही.

रविवारी सगळ्यांना बोलावलं. नव्या गाडीत मोबाइल जोडून त्यांना दाखवलं की गिअरमध्ये असताना पाय काढला की डिझेल शून्यावर येतं. उतारावर चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन जिवंत ठेवायला डिझेल जळतच राहतं. इंजिन बंदच केलं तर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, स्टेअरिंग जड होतं. पुन्हा पुन्हा ब्रेक दाबला की हवा उतरत जाते, आणि मग त्या वजनाची गाडी ताब्यात ठेवणं अवघड होतं. ॲव्हरेज सुधारला होता तो बराचसा उभ्या गाडीचं इंजिन बंद ठेवल्यामुळे, हेही आकड्यांतून दाखवलं. बक्षीस त्याच दिवशी बंद केलं आणि ती रक्कम सगळ्यांच्या भत्त्यात वाटून टाकली. नव्या गाड्यांवर आता उतारावरच्या न्यूट्रलचा इशारा येतो. तो आला की मी त्याच दिवशी फोन करतो, पैसे कापत नाही. जुन्या गाड्यांत हे दिसत नाही, तिथे बोलत राहणं एवढंच हातात आहे.

यानंतर मी गाडीच्या वेळेकडे वळलो. महिन्याचे ७२० तास एक गाडी काय करते? एप्रिल २०२३चा मामांच्या गाडीचा अहवाल काढला. चालणं १९६ तास, गॅरेज २७, कोल्हापुरात भरतीची वाट १०८. आणि विश्रांती ३८९ तास. बाबा ते वाचून म्हणाले, "निम्म्याच्या वर महिना झोपतात की काय?" मलाही पटेना. मामांना फोनवर विचारण्याची चूक मी पुन्हा करणार नव्हतो. मे महिन्यात त्यांच्या शेजारी बसून चाकणला गेलो.

संध्याकाळी सातला शिरोलीहून निघालो. सातारा-कागल रस्त्याचं सहापदरीकरण चालू, त्यामुळे वळणंच वळणं. पहाटे साडेचारला कंपनीच्या गेटापासून अर्ध्या किलोमीटरवर आमच्या पुढे एकवीस गाड्या होत्या. मामांनी इंजिन बंद केलं. त्याच क्षणी माझ्या मोबाइलवर गाडीचा रंग हिरवा झाला आणि खाली शब्द आला, विश्रांती.

मी मागच्या बर्थवर आडवा झालो. दहा मिनिटांत मामांनी गाडी सुरू केली, दोन गाड्यांएवढी पुढे घेतली, बंद केली. पुन्हा पंधरा मिनिटांनी. रांगेत पुढे सरकलो नाही तर मागचा शिरतो आणि नंबर जातो. सूर्य वर आला तसा केबिनचा पत्रा तापला. रस्त्याकडेला झाड नाही, पाण्याचा नळ नाही, संडास नाही. कंपनीच्या आतल्या संडासाला जायला पास लागतो आणि पास गाडी आत गेल्यावर मिळतो. मामा म्हणाले, "म्हणून मी इथं यायच्या आदी जेवत न्हाई." बावीस वर्षांत हे वाक्य आमच्या कुठल्याच रजिस्टरात आलं नव्हतं, आणि माझ्या सॉफ्टवेअरमध्येही नाही.

दुपारी सव्वातीनला गाडी आत गेली. तिथेही खाली व्हायला रात्रीचे साडेआठ वाजले, कारण फोर्कलिफ्ट दुसऱ्या लाइनवर होती. मग पोचेवर शिक्का. तो माणूस घरी गेलेला, दुसरा शोधून आणला. साडेनऊला आम्ही बाहेर पडलो. सोळा-सतरा तासांत मामांचा डोळा सलग वीस मिनिटंही लागलेला नव्हता, आणि भंगार भरायला लगेच दुसऱ्या गेटावर पोचायचं होतं. मी त्या रात्री गाडी पुढे जाऊ दिली नाही. तळेगावजवळ लावली आणि झोपलो.

परत आल्यावर नकाशावर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गेटाभोवती दोन गोल काढून घेतले. बाहेरचा गोल रांगेचा, आतला गोल गेटाच्या आतला. या गोलांत गेलेला वेळ विश्रांतीत धरायचा नाही, असं विक्रेत्याला सांगून बदल करून घेतला. मामांचा एप्रिल पुन्हा मोजला. ३८९ तासांतले २४१ गेटांवर गेले होते. खरं जेवणखाण आणि झोप १४८ तास. ज्या वेळेचा दोष आम्ही वर्षानुवर्षं ड्रायव्हरच्या माथी मारत होतो, जास्त भाड्याच्या बोलण्यात जी आम्हाला नडत होती, ती वेळ इथे सांडत होती.

करारात चोवीस तासांनंतर हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकून राहिल्याचे पैसे, द्यायचं कलम होतं. ते कधी मिळालं नव्हतं, कारण कंपनी वेळ धरते गेटावरच्या नोंदीपासून आणि रांगेतल्या तासांची नोंद कुणाकडेच नसते. मी तीन महिन्यांचा कागद घेऊन चाकणच्या त्या व्यवस्थापकांना भेटलो. ते म्हणाले, "जीपीएस तुमचं, गोल तुम्हीच काढलेले." मग मी खेड शिवापूरच्या फास्टॅगची वेळ, ड्रायव्हरने रांगेत लागल्याबरोबर काढलेला फोटो आणि त्यांच्याच गेटपासची वेळ, तिन्ही एका ओळीत मांडलं. ते बराच वेळ वाचत राहिले आणि मग त्यांनी स्टोअरच्या माणसाला बोलावलं.

त्याने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. कोल्हापूर-सांगलीकडचे सगळेच ट्रान्सपोर्टवाले संध्याकाळी गाड्या भरतात, म्हणून सगळ्या पहाटे येऊन धडकतात. सकाळच्या पाळीत फोर्कलिफ्ट उत्पादनाला लागलेल्या असतात आणि तपासणीचा माणूस एकटा. संध्याकाळी सहानंतर मात्र गेट जवळजवळ मोकळं असतं. म्हणजे रांगेत आमचाही वाटा होता. आम्ही फाउंड्र्यांच्या मागे लागून निम्म्या गाड्या सकाळी भरायला लागलो. चाकणच्या त्या कंपनीने संध्याकाळच्या वेळा ठरवून दिल्या आणि गेटाबाहेर नळ व संडास बांधून दिला. संडासाला सहा महिने लागले, पण झाला.

ऑक्टोबरमध्ये मामांच्या गाडीचे गेटांवरचे तास १३८ होते. तीच गाडी महिन्यात तीन खेपा जास्त करू लागली, एकही किलोमीटर जोरात न पळवता. सगळीकडे असं झालं नाही. दुसऱ्या एका कंपनीने तोच कागद बघून सांगितलं, परवडत नसेल तर दुसरा बघतो. त्यांचं काम आम्ही सोडलं. बाबांना ते जड गेलं, कारण ते गिऱ्हाईक त्यांनी बारा वर्षं सांभाळलं होतं. मला अजून वाटतं, सोडलं ते बरं केलं.

मिळालेल्या हॉल्टिंगमधला अर्धा वाटा ज्या ड्रायव्हरने ते तास काढले त्याला द्यायचा, हे बाबांनीच ठरवलं. त्यामुळे आता फोटोची आठवण कुणाला करून द्यावी लागत नाही. ड्रायव्हरांच्या बोलण्यातही तो शब्द बसलाय. "कुठंय रे?" विचारलं की "गोलात हाय" असं उत्तर येतं.

परवा रात्री पावणेआठला मामांचा आवाज आला, मागे कुकरची शिट्टी आणि कुठल्या तरी गाडीचा रिव्हर्सचा हॉर्न. "मालक, गोलात आलो. म्होरं चारच गाड्या हायती. फोटू टाकलाय. भात टाकलाय, जेवून घेतो."